यंत्राशी कोणत्या भाषेत बोलावे?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुन्या दगडी मंदिरांसाठी, कोरीव स्तंभासाठी आणि बारवेसाठी अभ्यासकांना परिचित आहे. गावाचे नाव निघाले की बोलणे आपोआप भूतकाळाकडे वळते. परंतु त्याच गावातील आठवी-नववीच्या मुलामुलींसमोर आज जो प्रश्न येऊ घातला आहे, तो पूर्णपणे नव्या काळाचा आहे. यंत्राला आज्ञा द्यावयाची, तर ती कोणत्या भाषेत द्यावी?

हा प्रश्न केवळ शहरातील मुलांचा राहिलेला नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांच्या साहाय्याने शेती करण्याचा प्रकल्प राबविण्यात आला आहे. दुसरीकडे, २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून देशभरात सुमारे १०,००० शाळांत ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी हाताने वस्तू घडवून शिकावे, यासाठी या प्रयोगशाळा आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली आहे. म्हणजे आज ना उद्या यंत्रमानवाच्या सुट्या भागांची पेटी लहान गावांतील शाळांतही पोहोचणार आहे.

समजा, चारठाण्यातील एखाद्या शाळेत अशी पेटी आली. चार मुलगे आणि दोन मुली अशा सहा जणांचा संघ ठरला. मार्गदर्शनाची जबाबदारी गणिताच्या शिक्षकांवर आली. त्यांनी स्वतः कधी प्रोग्राम लिहिलेला नाही. पेटीतील पहिले चाक फिरण्यापूर्वीच वाद उभा राहतो. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा एकाचा चुलतभाऊ फोनवर सांगतो, “पायथनच शिका, सगळं जग तिकडं चाललंय.” पेटी विकणारा प्रतिनिधी म्हणतो, रंगीत ठोकळे जोडा, लिहिण्याची गरजच नाही. मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ सांगतो, खरे काम सी++ मध्येच होते. तिघेही आपापल्या जागी खोटे नाहीत, आणि म्हणूनच शिक्षकांची पंचाईत होते.

येथे पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. पहिले दोन-तीन महिने न झेपणाऱ्या भाषेशी झुंजण्यात गेले, तर बहुधा पुढील क्रम घडतो. सहांपैकी ज्याच्या घरी संगणक आहे असा एकच मुलगा कसाबसा पुढे सरकतो. बाकीचे पेचकस आणि तारा हाताळत बाजूला बसतात. मुलींकडे तक्ता रंगविण्याचे काम येते. वर्षाखेरीस पेटी कपाटात जाते आणि पाच मुलांच्या मनात एक समजूत घर करते, की हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे. ही समजूत पुढे अकरावीचे विषय निवडताना आणि नोकरी शोधतानाही त्यांच्यासोबत राहते. भाषेच्या निवडीतील चूक अशी महाग पडते.

वही कोणाला वाचता येते?

व्यापारी कुटुंबांना या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. पूर्वी पेढीवर एखादा मुनीम असा असे की त्याची वही त्याच्याखेरीज कोणालाही उलगडत नसे. तो हुशार असे, हिशेब चोख असे. पण तो आजारी पडला की पेढी अडे. ज्या पेढीची कीर्द आणि खतावणी घरातील कोणीही उघडून वाचू शके, ती पेढी एका माणसावर अवलंबून राहत नसे. प्रोग्राम हीदेखील एक वहीच आहे. ती किती चतुराईने लिहिली आहे यापेक्षा संघातील सहाही जणांना ती वाचता येते काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

संगणकशास्त्राच्या इतिहासातही हा विचार नवा नाही. १९५९ साली अमेरिकेत व्यापारी कामकाजासाठी कोबॉल या भाषेची आखणी सुरू झाली, तेव्हा तिची वाक्ये साध्या इंग्रजीसारखी वाचता यावीत असा आग्रह धरला गेला. ग्रेस हॉपर या विदुषीच्या आधीच्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. त्यानंतर अनेक चपळ आणि देखण्या भाषा आल्या. तरी जगातील कित्येक बँकांचे व्यवहार अनेक दशके कोबॉलवर चालत राहिले. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता यावे, या गुणाची किंमत व्यवहारात मोठी असते.

एक चूक, तीन भाषा

भाषांमधील फरक समजण्यासाठी एक ठोस उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. नवशिक्या संघाचे पहिले काम बहुधा पांढऱ्या फरशीवरील काळ्या पट्टीच्या मागे जाणारी गाडी तयार करण्याचे असते. गाडीला दोन मोटरी असतात आणि पुढच्या बाजूस पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक सेन्सर असतो. नियम चारच आहेत. दोन्ही सेन्सरना पांढरे दिसले तर सरळ जावे. डाव्याला काळे दिसले तर गाडी उजवीकडे सरकली आहे, म्हणून डावीकडे वळावे. उजव्याला काळे दिसले तर उजवीकडे वळावे. दोन्हींना काळे दिसले तर थांबावे. हे चार नियम मराठीतच आहेत आणि प्रोग्रामचा गाभाही तेवढाच आहे. जे मूल हे नियम मराठीत सांगू शकत नाही, त्याला ते कोणत्याही संगणकीय भाषेत लिहिता येणार नाहीत.

आता नवशिक्यांकडून हमखास होणारी एक चूक पाहू. ‘डाव्या सेन्सरचे मूल्य १ आहे काय?’ असे विचारावयाचे असताना विद्यार्थी ‘डाव्या सेन्सरचे मूल्य १ कर’ असे लिहून बसतो. सी++ मध्ये या दोहोंत एका चिन्हाचे अंतर आहे: विचारताना ‘==’ आणि मूल्य देताना ‘=’. एक चिन्ह कमी पडले तर सी++ सहसा अडवत नाही. ती अट नेहमीच खरी धरली जाते, गाडी डावीकडे गोल गोल फिरत राहते आणि मुले मोटर बदलतात, तारा तपासतात, बॅटरीला दोष देतात. तीच चूक पायथनमध्ये केली तर प्रोग्राम सुरूच होत नाही. अमुक ओळीत दोष आहे, असा संदेश इंग्रजीत येतो. स्क्रॅचसारख्या ठोकळ्यांच्या भाषेत तर ती चूक करताच येत नाही. अटीसाठी ठेवलेली खाच षटकोनी असते आणि मूल्य देणाऱ्या ठोकळ्याचा आकार तिच्यात बसतच नाही.

या एका उदाहरणातून तिन्ही भाषांचा स्वभाव ध्यानात येतो. सी++ विद्यार्थ्यावर पूर्ण विश्वास टाकते आणि चुकीची किंमतही त्याच्याकडूनच वसूल करते. पायथन चूक दाखवते. मात्र तो संदेश वाचण्यापुरते इंग्रजी आणि संयम विद्यार्थ्यापाशी हवा. ठोकळ्यांची भाषा लिहिण्यातील चुका होऊच देत नाही, त्यामुळे सारे लक्ष विचारातील चुकांकडे जाते. मराठी माध्यमातील ज्या मुलाला इंग्रजी कळफलकावर स्वल्पविराम आणि अर्धविराम शोधण्यातच मिनिट लागते, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

विचारातील चूक कशी असते, तेही पाहावे. वळताना गाडीला ‘अर्धा सेकंद थांब’ अशी आज्ञा दिली, तर साध्या प्रोग्राममध्ये त्या अर्ध्या सेकंदात ती सेन्सरकडे पाहतच नाही आणि पट्टी सोडून भरकटते. ही चूक तिन्ही भाषांत सारखीच होते आणि तिन्हींत सारख्याच विचाराने सुधारते. शिकण्याजोगे आहे ते हे.

भाषांची जन्मकथा

मुलांसाठी प्रोग्रामिंग आणि यंत्रमानव यांचे नाते जुने आहे. १९६७ साली सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तिच्या आज्ञांवर जमिनीवरून फिरणारे एक यांत्रिक कासव पुढे कागदावर रेषा काढू लागले. त्याच परंपरेत अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ साली स्क्रॅच सर्वांसाठी खुली केली. पायथन नेदरलँड्समधील गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलेले आहे. आर्डुइनो हा बोर्ड २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे, अभियंते नसलेल्या रचनाकलेच्या विद्यार्थ्यांसाठी जन्माला आला. त्याची भाषा सी++ वरच आधारलेली असली, तरी नवख्याचा विचार त्यात आरंभापासून होता. सी++ म्हटले की घाबरून जाण्याचे कारण नाही, हे यावरून लक्षात यावे.

आधी पेटी उघडावी

व्यवहारात पुष्कळदा निवड भाषेपासून सुरू होत नाही. ती पेटीतील बोर्डपासून सुरू होते. अनेक शाळांत आढळणाऱ्या आर्डुइनो ऊनो या बोर्डवर चालू कामासाठीची स्मृती अवघी २ किलोबाइट असते. रोमन लिपीतील सुमारे दोन हजार अक्षरे मावतील एवढीच. एवढ्या जागेत पायथन चालत नाही. पायथनच हवी असेल तर रास्पबेरी पाय पिको, ईएसपी३२ किंवा मायक्रोबिट असा बोर्ड लागतो. २०२१ साली चार डॉलर किमतीला आलेल्या पिकोवर २६४ किलोबाइट स्मृती आहे आणि डेमियन जॉर्ज यांनी तयार केलेली मायक्रोपायथन ही पायथनची आटोपशीर आवृत्ती तिच्यावर उत्तम चालते. चुलतभावाचा सल्ला चुकीचा नसतो. शाळेत कोणती पेटी आली आहे, एवढेच त्याला ठाऊक नसते.

दुसरी तपासणी संगणकांची. स्क्रॅचची संगणकावर बसवून इंटरनेटविना वापरता येणारी सध्याची आवृत्ती विंडोज १० किंवा त्यापुढील प्रणाली मागते. शाळेतील जुना संगणक तेवढ्यावरूनच नकार देऊ शकतो. आर्डुइनोचे सॉफ्टवेअर बरेच जुने यंत्रही चालवून घेते आणि एकदा बसविल्यावर त्याला इंटरनेट लागत नाही. जेथे वीज आणि जोडणी दोन्ही बेभरवशाची आहेत, तेथे ही बाब गौण मानता येत नाही.

तिसरी तपासणी अशी, की प्रोग्राम बोर्डात उतरून राहतो की संगणकातच राहतो? ठोकळ्यांच्या काही साधनांत गाडी सतत संगणकाला जोडलेली ठेवावी लागते. तार काढली की ती निर्जीव होते. याउलट बोर्डात उतरविलेला प्रोग्राम वीज गेली, संगणक बंद झाला, तरी बॅटरीवर चालत राहतो. एमब्लॉक किंवा पिक्टोब्लॉक्स यांसारख्या साधनांत ठोकळे जोडून तयार केलेला प्रोग्राम आर्डुइनोच्या बोर्डात उतरविता येतो आणि त्या ठोकळ्यांचे सी++ रूपही शेजारी वाचता येते.

चौथा प्रश्न माणसांचा आहे. संध्याकाळी सात वाजता काम अडले, तर विचारावे कोणाला? गावातील किंवा जिंतूर-परभणीतील ज्या कोणाला एखादी भाषा येते आणि जो फोन उचलतो, त्याची भाषा जगातील सर्वोत्तम भाषेहून अधिक उपयोगी ठरते. माणूस नसेल तर निदान मराठीतील साहित्य हवे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकविषयक पाठ अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले असून त्यांत मराठीही आहे. शिक्षकांनी आपल्या विषयाचे पाठ तेथे आधी शोधावेत. पाचवा प्रश्न स्पर्धेचा. स्पर्धेत उतरावयाचे असेल तर नियमपुस्तिकेत कोणते बोर्ड आणि कोणत्या भाषा चालतात, हे पेटी विकत घेण्यापूर्वीच वाचावे. नंतर वाचल्यास खर्च दुप्पट होतो.

मग निवड कोणती?

चारठाण्यातील त्या कल्पित संघापुढे आर्डुइनो ऊनोची पेटी, दोन जुने संगणक आणि प्रोग्रामिंग न शिकलेले पण होतकरू शिक्षक आहेत असे धरले, तर निवड बरीचशी स्पष्ट होते. पहिला आठवडा संगणकाला हातही न लावता मराठीत नियम लिहावेत. एका मुलाने गाडी व्हावे, दुसऱ्याने नियम वाचावेत आणि फरशीवर आखलेल्या खडूच्या रेषेवरून चालून पाहावे. त्यानंतर सुमारे सहा आठवडे, बोर्डात उतरणाऱ्या ठोकळ्यांवर काम करावे. गाडी सर्वांच्या हातून चालू लागली, की शेजारी दिसणारे सी++ मोठ्याने वाचण्यास आरंभ करावा. आधी त्यातील एखादा आकडा बदलून पाहावा, मग एखादी ओळ आणि दिवाळीनंतर संपूर्ण प्रोग्राम हाताने लिहावा. ‘डावा’, ‘उजवा’, ‘थांब’ ही नावे रोमन अक्षरांत लिहून मराठीच ठेवण्यास काहीच हरकत नसते. पेटीत पिको किंवा मायक्रोबिट असेल तर हाच क्रम ठेवून सी++ च्या जागी पायथन घ्यावी. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात तीच भाषा असल्याने तो अभ्यास पुढेही कामी येतो. मात्र एका वर्षात एकच मार्ग घ्यावा. दोन मुले पायथनमध्ये आणि दोन सी++ मध्ये अशी विभागणी झाली, की संघ राहत नाही.

ठोकळे म्हणजे पोरखेळ, असा आक्षेप काही पालक घेतात. जगाचा अनुभव तसा नाही. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संघांना ठोकळे किंवा जावा यांपैकी काहीही निवडता येते आणि दोन्ही प्रकारचे संघ एकाच मैदानात उतरतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली बीबीसीच्या पुढाकाराने अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांसाठी मायक्रोबिट मोफत देण्यात आले. त्यातही ठोकळे आणि पायथन या दोन्ही वाटा खुल्या होत्या. दुसरीकडे, १९९८ पासून जगभर गाजलेला लेगो माइंडस्टॉर्म्स हा संच कंपनीने २०२२ च्या अखेरीस बंद केला. त्यावर शिकलेल्या मुलांचे शिक्षण मात्र त्या दिवशी बंद पडले नाही. अट, पुनरावृत्ती, मूल्य साठविणे आणि मोठ्या कामाचे लहान भाग पाडणे, या चार गोष्टी ज्याला आल्या, तो संच आणि भाषा दोन्ही बदलू शकतो.

बँकेतील एक जुनी शिस्त येथे उपयोगी पडावी. नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा. एकाच हाताने दोन्ही कामे होत नाहीत. संघातही कळफलकावर एक आणि शेजारी तपासणारा दुसरा असावा आणि दर तासाला जागा बदलाव्यात. त्या जागेवर मुलीही सारख्याच पाळीने बसल्या पाहिजेत, हे शिक्षकांनी वेळापत्रकातच लिहून ठेवावे; केवळ सांगून ते घडत नाही. काय बदलले, का बदलले आणि गाडीने काय केले, याची एक रोजवही ठेवावी. दहावी होऊन मुले गाव सोडतील, शिक्षकांची बदली होईल. तेव्हा पुढच्या वर्षीच्या संघाला ती वही आणि वाचता येणारा प्रोग्राम हीच खरी ठेव मिळेल.

पालकांचे काम याहून सोपे आहे. महागड्या वर्गाची पावती फाडण्यापूर्वी, किंवा “तुला कुठली भाषा येते?” असे चारचौघांत विचारण्यापूर्वी, मुलाला त्याचा प्रोग्राम घेऊन घरातील आजीजवळ बसवावे. “आजी, डाव्या बाजूला काळं दिसलं की गाडी डावीकडं वळती,” असे त्याने एकेक ओळ वाचून मराठीत सांगावे. “आणि दोन्हीकडं काळं दिसलं तर?” असे आजीने विचारले आणि नातवाने किंवा नातीने न अडखळता योग्य ओळीवर बोट ठेवले, तर संघाने निवडलेली भाषा योग्य आहे असे समजावे. सहांपैकी सहाही मुलांना ते करता आले, तर ती पेटी कपाटात जाणार नाही.